सहावी ते आठवीच्या पोरांना जगाचा इतिहास : सुरुवात कुठून करू?

गिरणगावची | १४ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

लालबागच्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. मोठ्या बाईंनी यंदा शनिवारी एक तासिका मोकळी ठेवलीय आणि ती माझ्या गळ्यात पडलीय. सहावी ते आठवीची मिळून ४२ पोरं, ३५ मिनिटं, विषय जगाचा इतिहास. परीक्षा नाही, पुस्तक नाही.

गेल्या वर्षी हाच प्रयोग केला होता, तो सपशेल आपटला. मी आपली शिस्तीत मेसोपोटेमियापासून निघाले. मग इजिप्त, मग चीन, दिवाळीपर्यंत कशीबशी ग्रीसला पोचले. सुट्टीनंतर विचारलं, काय काय आठवतंय? ममी. नाकातून मेंदू ओढून काढतात ते. बास. आणि एकाने अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, ममी आधी की शिवाजी महाराज आधी?" वर्गात कुणीही हसलं नाही. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण तो प्रश्न सगळ्यांचाच होता.

आमच्या हातातल्या पुस्तकांची तऱ्हा तुम्हाला माहीत आहेच. सहावीला प्राचीन भारत, सातवीला शिवकाल आणि मराठेशाही, आठवीला आधुनिक भारत. त्यात ‘युरोप आणि भारत’ नावाचा एक धडा. तेवढ्या चार पानांत प्रबोधन, कॉन्स्टँटिनोपल, अमेरिका, फ्रान्स, वाफेचं इंजिन, सगळं कोंबलेलं. नीट जग भेटतं ते थेट बारावीला, तेही कला शाखा घेतलीत तर.

तर सुरुवात कुठून करू? नकाशे, गोष्टी, खेळ, काहीही चालेल. फक्त प्रोजेक्टर सांगू नका. एकच आहे आणि तो नववी-दहावीवाल्यांच्या ताब्यात असतो.

बोरिवली_स्लो | १४ जून, रात्री ११:०५

परीक्षा नाही, पुस्तक नाही, आणि तुम्ही तक्रार करताय? आमच्या वेळी इतिहास म्हणजे ‘कारणे द्या’ आणि ‘जोड्या लावा’. मी अजून डोळे मिटून जोड्या लावतो. धाग्यावर बसलोय, चालू द्या.

कोकणकडा | १५ जून, सकाळी ७:२०

ताई, नवीन काही आणू नका. सातवीचंच पुस्तक उघडा, त्यातल्या सनावळीवर बोट ठेवा आणि विचारा, "ह्या वर्षी बाकीचं जग काय करत होतं?"

१६६४, सुरत. पुढच्याच वर्षी लंडनात प्लेग. केंब्रिज बंद पडलं म्हणून न्यूटन नावाचा तेविशीतला पोरगा गावी जाऊन बसला आणि घरबसल्या गणित करत राहिला. (लॉकडाऊन म्हटलं की पोरांना बरोबर कळतं.) १६६६, ऑगस्ट : महाराज आग्र्याहून निसटले. सप्टेंबरात लंडनला आग लागली, चार दिवस शहर जळत होतं. गादीवर कोण? दुसरा चार्ल्स. म्हणजे तोच, ज्याला १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आपली मुंबई आंदण मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आणि १६७४ ला राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर झाला तो ह्याच मुंबईहून. त्याच वेळी फ्रान्सात चौदावा लुई, चीनमध्ये कांगशी, आणि जपानने दारं लावून घेतलेली. युरोपियनांपैकी फक्त डचांना नागासाकीच्या बंदरातल्या एका चिमुकल्या बेटावर मुभा.

मी शिक्षक नाही, बँकेत होतो. नातीबरोबर हा खेळ खेळतो. आता ती मलाच साल देते आणि मी चुकलो की टाळ्या वाजवते.

निळी_शाई | १५ जून, दुपारी १:१५

काकांचा प्रतिसाद छान, पण आडवी पट्टी समजायच्या आधी उभी लांबी कळायला हवी. "ममी आधी की महाराज आधी" हा प्रश्न त्या लांबीचाच आहे. बारा वर्षांच्या मुलाला ‘इसवी सनापूर्वी २५००’ म्हणजे नुसतं ‘खूप पूर्वी’, आणि १६७४ पण ‘खूप पूर्वी’च.

मी अंधेरीत इंग्रजी माध्यमात शिकवते. माझा उपाय फुकट आहे : शाळेचा व्हरांडा. एक लादी म्हणजे १०० वर्षं. भिंतीपाशी आज, तिथून मागे चालायचं. स्वातंत्र्य पहिल्याच लादीत. राज्याभिषेक साडेतीन लाद्यांवर. बुद्ध पंचविसाव्या लादीच्या आसपास. खुफूचा मोठा पिरॅमिड साधारण शेहेचाळिसाव्या. प्रत्येक ठिकाणी एक मूल उभं करायचं, हातात पाटी. गंमत क्लिओपात्राची. मुलं तिला पिरॅमिडच्या शेजारी नेऊन उभी करतात. मग लाद्या मोजायला लावायच्या. ती आपल्यापासून साडेवीस लाद्यांवर आणि पिरॅमिडपासून पंचवीस. म्हणजे बाईंना पिरॅमिड जेवढा जुना, त्यापेक्षा आपल्याला बाई जवळच्या. ह्यावर दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी परत मोजतात.

अंबाडीची_भाजी | १५ जून, दुपारी ३:४०

मी नुसती आई. पण आषाढी येतेच आहे, तर एक सुचवू? पोरांना उपासाचा डबा आणायला सांगा आणि जगाचा नकाशा जमिनीवर पसरा.

साबुदाणा : कसाव्याच्या कंदाचा, मूळ ब्राझीलकडचं. आता येतो सेलमहून, ते सोडा. शेंगदाणा : दक्षिण अमेरिका. बटाटा : अँडीज पर्वत. मिरची : मेक्सिको. रताळं, तेही तिकडचंच. राजगिऱ्याची चिक्की, तीसुद्धा. खिचडीतलं तूप आणि मीठ तेवढं आपलं. जिरं घालणाऱ्यांचं जिरं भूमध्य समुद्राच्या बाजूचं.

वडापाववर हा धडा सगळेच घेतात. उपासावर घ्या, पोरांचे डोळे पांढरे होतील.

साडेसात | १५ जून, रात्री ९:३०

प्रतिसाद वाचनीय आहेत, पण मला एक खुपतंय. महाराजांबरोबर लंडन, खिचडीबरोबर ब्राझील, उद्या कुणी गेटवे आणेल. म्हणजे जग आपल्या दारात आलं तरच ते जग. मेसोपोटेमियात लिहिणं सुरू झालं ते धान्याचा आणि मेंढरांचा हिशेब ठेवायला. ह्याचा मुंबईशी काही संबंध नाही, आणि तरीही ते प्रत्येक मुलाला कळायला हवं. आफ्रिकेचं तर विचारूच नका. पिरॅमिड आणि गुलाम, संपली आफ्रिका.

दुसरं, त्या आठवीच्या धड्याबद्दल. १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, व्यापारी मार्ग बंद झाले, म्हणून युरोपियन समुद्राकडे वळले. मीही हेच घोकलं होतं. पण पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या काठावरचं सेउटा घेतलं १४१५ ला, म्हणजे ३८ वर्षं आधीच ते दक्षिणेकडे निघाले होते. मिरी मुख्यतः यायची तांबड्या समुद्रातून कैरो-अलेक्झांड्रियाला, आणि तिथून व्हेनिसवाले उचलायचे. इजिप्त होतं मामलुक सुलतानांकडे. ऑटोमनांनी, म्हणजे ह्याच तुर्कांनी, ते जिंकलं १५१७ ला. तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन १९ वर्षं उलटलेली. दार बंद होतं म्हणून नव्हे, दारावरचा दलाल फार कापत होता म्हणून खटाटोप. शिवाय पश्चिम आफ्रिकेचं सोनं.

बोरिवली_स्लो | १५ जून, रात्री ९:४१

बाळांनो, परीक्षेत १४५३च लिहा. साडेसातराव तुमचे दोन मार्क भरून देणार नाहीत.

कोकणकडा | १६ जून, सकाळी ६:५५

साडेसात, आफ्रिकेचं मान्य. पण सातवीच्या पुस्तकात एक आफ्रिकन बसलाय, त्याला कुणी आफ्रिकन म्हणून ओळख करून देत नाही. मलिक अंबर. जन्म इथिओपियाचा, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत अरबस्तान-बगदादकडून दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. भातवडीच्या लढाईत, १६२४ ला, शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. एवढंच विचारा : हा माणूस इथवर आला कसा? उत्तर शोधताना तांबडा समुद्र, अरब व्यापारी, हबशी सैनिक, जंजिऱ्याचे सिद्दी, सगळं ओघाने येतं.

साडेसात | १६ जून, सकाळी ९:१०

हे आवडलं. पण काका, तो दख्खनला आला नसता तर आपण इथिओपिया शिकवला असता का?

गिरणगावची | १९ जुलै, रात्री ११:१८

उशिरा उगवतेय, माफ करा. दहावीचे जादा तास, मग घरी पाहुणे.

लाद्या जमल्या. आमच्या व्हरांड्यात ३८ लाद्यांनंतर मुतारी लागते, त्यामुळे पिरॅमिडला जिन्यात उभं करावं लागलं. पण शोध मुलांनी लावला : हडप्पाची पाटीवाली मुलगीही जिन्यातच, पिरॅमिडच्या शेजारी. "म्हणजे हे दोघं एकाच वेळी?" सहावीत दोन वर्षं मी हडप्पा शिकवलंय, ही गोष्ट माझ्या तोंडून कधी गेली नव्हती. मग कुणीतरी विचारलं, पहिला माणूस कुठे उभा करायचा. आपल्यासारखी माणसं साधारण तीन लाख वर्षांपासून, म्हणजे ३,००० लाद्या. आमची लादी फुटाची. हिशेब केला तर पहिला माणूस चिंचपोकळी स्टेशनाच्या आसपास कुठेतरी येतो. आता पोरं स्टेशनावर एकमेकांना "आदिमानवा" म्हणून हाका मारतात.

आषाढीच्या आठवड्यातल्या शनिवारी डबेही झाले. २९ जणांनी खिचडी आणली. नकाशावर डबे ठेवत गेलो तर अमेरिकेवर जागा उरेना आणि भारत रिकामा. मागून प्रश्न आला, "मग कोलंबसच्या आधी उपासाला काय खायचे?" मला एकदम सुचेना. एकीने घरून वरईचे तांदूळ आणले होते, तिने डबा उचलून भारतावर ठेवला आणि म्हणाली, "हे." अंबाडीताई, त्या पोरीला तुमच्यातर्फे शाबासकी दिली.

१४५३ चं आठवीच्या मुलांपुरतं करून पाहिलं. सहा चिठ्ठ्या : १४१५, १४५३, १४८८, १४९२, १४९८, १५१७. खाली घटना. त्यांना पुस्तकातलं वाक्य वाचायला दिलं आणि विचारलं, ह्यातली कुठली चिठ्ठी त्या वाक्यात बसत नाही? पंधरा मिनिटं गोंगाट. १४१५ दोन गटांनी काढली, १५१७ एकाने. परीक्षेचं बोरिवलीदादांनी सांगितलं तसंच सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं.

साडेसातसर, मेसोपोटेमियाला तुम्ही म्हणता तसं हिशेबापासून परत भिडणार आहे. पुठ्ठ्यावर मातीचे गोळे थापून.

निळी_शाई | २० जुलै, दुपारी १२:३०

आदिमानव चिंचपोकळीला! खुर्चीतून पडले.

त्या आठवीच्या धड्यातलं आणखी एक सांगते. बोस्टनच्या बंदरात १७७३ ला समुद्रात फेकला तो चहा आपल्याच ईस्ट इंडिया कंपनीचा, चीनहून आणलेला. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर कंपनी कर्जात बुडत होती, तिला वाचवायला इंग्लंडने अमेरिकेत चहा खपवायची सोय करून दिली. आणि कंपनीला लगाम घालायचा रेग्युलेटिंग ॲक्ट? तोही १७७३. पुस्तकात ही दोन वेगळ्या धड्यांत येतात आणि एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

गिरणगावची | ६ सप्टेंबर, रात्री १०:०३

गणपतीच्या आधीचे चार शनिवार कापसावर घालवले. जरा सविस्तर लिहिते, कारण ह्यात मी एक चूक केली.

आमच्या अर्ध्या पोरांचे आजोबा नाहीतर पणजोबा गिरणीत होते. त्यामुळे कापूस म्हटलं की घरून गोष्टी येतात, साचाखातं, भोंगा, संप. तिथून मागे गेलो. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर. रोज नवी कंपनी, रोज नवा शेअर. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर तर लोक वेडे झाले.

खेळ असा : प्रत्येकाला चण्याच्या पन्नास डाळ्या हे भांडवल, खाकी पुठ्ठ्याचे शेअर, आणि फळ्यावर भाव. १०, २५, ६०, १५०. दर पाच मिनिटांनी मी अमेरिकेची बातमी वाचायची आणि भाव पुसून वाढवायचा. उधारीला परवानगी दिली, तीच नडली. सातवीतला एक पोरगा, एरवी तोंडातून शब्द काढत नाही, त्याने ४०० डाळ्यांची उधारी करून सगळा बॅकबे गोळा केला आणि बाकावर उभा राहून ओरडायला लागला. शेजारच्या वर्गातले सर दार उघडून बघून गेले.

मग मी घंटा वाजवली. ९ एप्रिल १८६५, दक्षिणेचा जनरल ली शरण. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत येणार. भाव पुसला आणि लिहिला : २. दोन सेकंद शांतता. मग, "मॅडम, माझ्या डाळ्या?"

मी खुशीत. पेढ्या बुडाल्या, बडे सटोडिये प्रेमचंद रायचंद बुडाले, भरभराटीत त्यांनी दिलेल्या २ लाखांतून राजाबाई टॉवर मात्र १८७८ ला उभा राहिला, असं सगळं सांगत होते. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण युद्ध गुलामांवरून होतं ना? मग ते सुटले का?"

चार शनिवारांत गुलामगिरी हा शब्द माझ्या तोंडी एकदाच आला होता, पहिल्या दिवशी, कारण म्हणून. चाळीस लाख माणसं, आणि मी आमच्या डाळ्या मोजत बसले होते. साडेसातसर जूनमध्ये जे म्हणत होते ते मला सप्टेंबरात कळलं.

साडेसात | ६ सप्टेंबर, रात्री १०:५०

बाई, त्या मुलीला प्रश्न पडला तो खेळ रंगला म्हणूनच. नुसता धडा वाचला असतात तर कुणी डोकं वर केलं नसतं. मी जूनमध्ये जरा जास्तच टेचात लिहिलं होतं.

तिच्यासाठी एक दुवा. महात्मा फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. लढाई संपून आठच वर्षं झालेली. मुंबईतले सटोडिये त्या युद्धात कापसाचा भाव बघत होते, त्या काळात पुण्यातला एक माणूस भलतंच काही बघत होता. ती अर्पणपत्रिका आठवीच्या मुलांना मूळ भाषेत वाचता येते. पुढच्या शनिवारी तेवढंच करा.

कोकणकडा | ७ सप्टेंबर, सकाळी ७:०२

साडेसात, आज तुम्हाला एक चहा माझ्याकडून.

निळी_शाई | ७ सप्टेंबर, रात्री ८:१५

धागा इतका छान चाललाय की एक अवघड जागेचं दुखणं विचारते. हिटलर. दरवर्षी आठवीत चार-पाच मुलं निघतात, "मॅम, पण तो भारी होता ना, शिस्त होती." कुठल्याशा दुकानात त्याचं पुस्तक पुढ्यात मांडलेलं असतं, घरात काका म्हणतात असाच पाहिजे. छळछावण्यांचे फोटो मी दाखवत नाही, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ते झेपत नाहीत, आणि काहींना उलट थरार वाटतो. मग करायचं काय? सध्या मी पायऱ्या लिहिते. एप्रिल १९३३, ज्यूंना सरकारी नोकरीतून काढलं. १९३५, नागरिकत्व काढलं. नोव्हेंबर १९३८, ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढलं. तिसऱ्या पायरीला वर्ग गप्प होतो. "शाळेतून? काय केलं होतं त्यांनी?" शिस्तवाल्यांना मी उत्तर देत नाही, वर्ग देतो. पण सगळ्यांवर चालतं असं नाही. ह्या वर्षीचे दोघं शेवटपर्यंत हटले नाहीत.

अंबाडीची_भाजी | ७ सप्टेंबर, रात्री ९:००

कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश लोकांची छावणी होती ना? माझ्या सासूबाई माहेरच्या तिकडच्या, त्यांच्या लहानपणी गोऱ्या बायका बाजारात भाजी घ्यायच्या म्हणे. हिटलरपासून पळून आलेले ते, हे सांगता येईल.

साडेसात | ७ सप्टेंबर, रात्री ९:२२

अंबाडीताई, छावणी खरी. १९४३ ते ४८, सुमारे ५,००० लोक, बहुतेक बायका-मुलं. पण ते हिटलरपासून नव्हे. १९३९ मध्ये पोलंड दोघांनी वाटून घेतला. पूर्वेकडच्यांना स्टॅलिनने सैबेरिया-कझाकस्तानात धाडलं, तिथून सुटून इराणमार्गे ते इथवर आले. एका हुकूमशहाला शिव्या देताना दुसरा सुटू नये.

हिटलरमुळे मुंबईत आलेले हवे असतील तर वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर, दोघंही व्हिएन्नाकडचे, आणि बर्लिनचा रुडॉल्फ फॉन लायडेन. एक चित्रकार, एक संग्राहक, एक समीक्षक. रझा, आरा, हुसेन ही पोरं उमेदीत होती तेव्हा त्यांची चित्रं विकत घेणारे, दाखवणारे, त्यावर लिहिणारे हे लोक.

गिरणगावची | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

अर्पणपत्रिका वाचली. त्या मुलीलाच वाचायला दिली. जुनी मराठी, दोनदा अडखळली, पण पूर्ण केली. ‘डाळ्या’वाला पोरगा शेवटी एवढंच म्हणाला, "त्यांच्या कापसावर आपण श्रीमंत झालो आणि नंतर त्यांच्यामुळेच बुडालो?" मी म्हटलं, ‘त्यांच्यामुळे’ हा शब्द जरा परत बघ. तो अजून बघतोय.

आता सहल. मोठ्या बाईंनी डिसेंबरातला एक शनिवार दिलाय, बससाठी पैसे नाहीत, म्हणजे लोकलने. चिंचपोकळीहून सीएसएमटी. आखलंय असं : काळा घोडा, तिथलं निळं सिनेगॉग, बगदादहून आलेल्या ससून घराण्याने १८८४ ला बांधलेलं. मग डेव्हिड ससून ग्रंथालय बाहेरून, आणि तिथे अफूचा विषय काढायचा आहे, चीनला जाणाऱ्या जहाजांसकट. जमशेटजी जीजीभॉयसुद्धा त्यात येतात. त्यांच्याच नावाच्या जे. जे. हॉस्पिटलात निम्म्या पोरांचा जन्म झालाय, त्यामुळे जरा जपून. मग राजाबाई टॉवर.

४२ पोरं, तीन शिक्षक. दोन प्रश्न : सिनेगॉगमध्ये एवढ्यांना एकदम सोडतील का, आणि डबा कुठे खायचा?

निळी_शाई | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

सिनेगॉगला आधी जाऊन सांगून या. शाळेचं पत्र आणि शिक्षकांची ओळखपत्रं न्या, दाराशी पोलीस असतात. शनिवार मात्र टाळाच, त्यांचा शब्बाथ. शुक्रवार सकाळ मागून बघा मोठ्या बाईंकडे.

बोरिवली_स्लो | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३२

डबा ओव्हलवर, टॉवरसमोर बसून. शुक्रवार मिळाला तर साडेनऊनंतरची लोकल धरा, त्याआधी ४२ पोरं घेऊन चढाल तर तोच एक इतिहास होईल. मी फोर्टातच असतो, गर्दी सांभाळायला चौथा माणूस हवा असेल तर सांगा. चण्याची डाळ मी आणतो.